चाळीस अंशांच्या दाराआधी

पहाटे ४:४५

जर्सी सिटीत जानेवारीत पहाटे फुटपाथवर टाकलेलं खडेमीठ बुटाखाली चुरचुरत असतं. बाहेर उणे सहा. स्टुडिओचं दार उघडून बूट काढले की मी आधी फर्नेसकडे जाते. सहाचा वर्ग सुरू होताना खोली साडेचाळीस अंश सेल्सिअसवर आणि हवेतली आर्द्रता चाळीस टक्क्यांवर हवी. त्यासाठी तासाहून जास्त वेळ लागतो, म्हणून उशीर चालत नाही.

खोली नुसती तापवणं सोपं आहे. अवघड असतो हवेतला ओलावा. हिवाळ्यातल्या बाहेरच्या हवेत मुळात पाणी फारच थोडं. ती हवा आत घेऊन चाळीस अंशांवर नेली की आर्द्रता दहा टक्क्यांच्याही खाली घसरते. अशा हवेत घसा कोरडा पडतो, डोळे चुरचुरतात, आणि घाम इतक्या झपाट्यानं उडून जातो की किती पाणी गेलं याचा पत्ताच लागत नाही. म्हणून आर्द्रतेचं यंत्र आधीच लावते, पण काटा तीस-पस्तीसवर आला की थांबवते. उरलेला ओलावा माणसं सोबत आणतात. पंचवीस जण घामाघूम झाले की आकडा आपोआप चढतो, आणि मग मला ताज्या हवेचा पंखा वाढवावा लागतो. तापमापक उभ्या माणसाच्या छातीच्या उंचीवर टांगलाय. छताजवळ हवा जास्त गरम असते, जमिनीलगत कमी. आडवं पडल्यावर बरं वाटतं त्याचं एक कारण हेही आहे, आणि नव्यांना ते मी आवर्जून सांगते.

आजच्या संध्याकाळच्या यादीत तीन नवी नावं आहेत. आजचा माझा दिवस त्यांचाच. साडेसहाचा वर्ग नव्वद मिनिटांचा असला तरी तो चांगला जाणार की वाईट, हे बहुतेक त्याआधीच ठरलेलं असतं: सकाळी काय प्यायलं, दुपारी काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, काय सांगायचं राहून गेलं, यावर.

६:००

सकाळच्या वर्गात सगळे जुने. रात्रपाळी संपवून आलेली नर्स, पाथ रेल्वेनं मॅनहॅटनला जाणारे चौघे-पाचजण, हॉटेलातले एक आचारी. गरम खोलीतल्या योगाच्या या पद्धतीत शिक्षिका आसनं करून दाखवत नाही, बोलत राहते. दोन श्वसनाचे प्रकार, सव्वीस आसनं, बहुतेक प्रत्येक दोनदा, नेहमी त्याच क्रमानं. क्रम ठरलेला असल्यामुळे जुन्यांना विचार करावा लागत नाही. नव्यांना मात्र पुढे काय येणार हे माहीत नसतं, आणि उष्णतेइतकीच दमछाक या न कळण्यानं होते. म्हणून दुपारी मी त्यांना क्रम सांगून ठेवते.

८:३०

लादी पुसून झाली. पूर्वी या पद्धतीच्या स्टुडिओंत गालिचे असायचे, आणि त्यांचा वास जन्मात जात नसे. आता आमच्याकडे रबरी जमीन आहे. प्रत्येक वर्गानंतर जंतुनाशकानं पुसायची, पंखे लावायचे, दार उघडं टाकायचं. मग चहा, आणि चहाबरोबर फॉर्म.

नवा माणूस नाव नोंदवतो तेव्हा तब्येतीचा फॉर्म भरतो. बहुतेक जण तो बँकेतला कागद असल्यासारखा भरतात, सगळीकडे ‘नाही’. म्हणून मी फोन करते. फोनवर माणसं खरं बोलतात. गरोदर आहात का, किंवा राहण्याचा विचार आहे का? गरोदरपणाच्या पहिल्या आठवड्यांत शरीराचं आतलं तापमान फार वाढणं बाळाच्या मज्जारज्जूच्या घडणीला धोक्याचं असतं. तिथे माझं उत्तर सरळ ‘नको’ असतं. हृदयाचा त्रास? उष्माघात कधी झाला होता? रक्तदाब कमी असतो का? आणि गोळ्या. गोळ्यांचं नाव विचारल्याशिवाय मी फोन ठेवत नाही. लघवी वाढवणाऱ्या गोळ्या पाणी आणि क्षार काढून घेतात. काही बीटा ब्लॉकर हृदयाची गती वाढू देत नाहीत, आणि उष्णतेत ती वाढावीच लागते. सर्दी-अ‍ॅलर्जीच्या काही साध्या गोळ्यांनी घाम कमी येतो. लिथियम घेणाऱ्यानं पाणी गमावणं तर थेट धोक्याचं. औषधं मी कुणाला बंद करायला सांगत नाही, तो माझा अधिकारच नाही. डॉक्टरांना विचारून या, एवढंच म्हणते आणि उत्तर येईपर्यंत दार उघडत नाही.

पहिला फोन एका निवृत्त बसचालकाला. वय चौसष्ट, आवाज दणदणीत. फॉर्मवर सगळं ‘नाही’. गोळ्या विचारल्यावर म्हणाले, "एक छोटीशी आहे, रक्तदाबाची." नाव वाचून दाखवायला सांगितलं, तर लघवी वाढवणारी निघाली. डॉक्टरांच्या दवाखान्यात आजच फोन करून विचारा, म्हटलं. ते जरा खट्टू झाले. मुलीनं वाढदिवसाला वर्गांचं पॅकेज भेट दिलंय.

दुसरी नर्तिका. तिच्या तब्येतीची चिंता नाही, तिच्या लवचिकतेची आहे. त्याबद्दल पुढे.

तिसरी अकोल्याची. इथे तिला दीडेक वर्ष झालं. मॅनहॅटनमध्ये एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते आणि जर्नल स्क्वेअरजवळ राहते. मराठी ऐकल्याबरोबर ती वऱ्हाडीतच सुरू झाली. "ताई, मी अकोल्याची. मले उनाचं काय सांगता?"

हे मला समजावून सांगायला आवडतं, कारण विदर्भातून आलेल्या सगळ्यांना असंच वाटतं. अगं, अकोल्यात पंचेचाळीस अंश असताना तुम्ही दुपारी काय करता? खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून कूलरसमोर बसता, ताक पिता, आंब्याचं पन्हं पिता, बाहेर पडायचं तर डोक्याला दुपट्टा बांधता आणि खिशात कांदा टाकता. भर दुपारी दीड तास व्यायाम कोण करतं? दुसरं असं की उष्णतेची सवय शरीराला दहा-चौदा दिवसांत होते, आणि काही आठवड्यांत ती निघूनही जाते. सवय झालेल्या माणसाच्या अंगात रक्तातल्या पाण्याचं प्रमाण वाढतं, घाम लवकर सुटतो, घामातून मीठ कमी जातं. अकोल्यातले उन्हाळे तुझ्या आठवणीत आहेत. तुझ्या घामाच्या ग्रंथींना मात्र सध्या जर्सीचा जानेवारी तेवढा ठाऊक आहे.

ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, "मग काय काय करू ते सांगा." अशी विचारणारी माणसं मला फार आवडतात.

खरं तर ती गेल्या आठवड्यातच येणार होती. त्या दिवशी संकष्टी होती, चंद्रोदयापर्यंत उपास, आणि चंद्रोदय वर्ग संपल्यानंतरचा. मीच दिवस बदलून दिला. उपासाला माझा मुळीच विरोध नाही, माझी आईही आयुष्यभर संकष्टी धरत आली आहे. पण दिवसभर पोट रिकामं ठेवून पहिल्यांदा या खोलीत शिरायचं, हे दोन्ही एका दिवशी नको. देवाला दुसरा दिवस चालतो असं मी म्हणणार नाही. वर्गाला मात्र नक्की चालतो.

११:३०

माझं जेवण. वरण-भात, वर लिंबू, मीठ नेहमीपेक्षा थोडं जास्त, शेजारी काकडी. संध्याकाळी शिकवायचं असेल त्या दिवशी मीही नव्यांसारखीच जेवते: दुपारी पोटभर, नंतर अगदी हलकं. शिकवताना आसनं करत नसले तरी खोली माझ्यासाठी वेगळी होत नाही.

मी योग शिकले लोणावळ्याला, कैवल्यधामात. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये ते सुरू केलं आणि योगाभ्यासात शरीरात काय घडतं हे क्ष-किरणांनी, रक्तदाब मोजून तपासायला घेतलं. ‘योगमीमांसा’ हे त्यांचं नियतकालिकही त्याच वर्षीचं. मोजल्याशिवाय बोलायचं नाही, ही सवय मला तिथे लागली. तिथल्या पहाटेच्या गारव्यात आसनं सावकाश होत, आणि घाम यावा अशी कुणाची अपेक्षाही नसे. घेरंडसंहितेत योगाला आरंभ करायचा तो वसंतात किंवा शरदात, ग्रीष्मात नको, असं स्पष्ट सांगितलं आहे. मग मी इथे, फर्नेसजवळ काय करते, असं मला लोणावळ्याच्या मैत्रिणी विचारतात. त्याला माझं उत्तर आहे. हिवाळ्यात सहा महिने आखडून गेलेली माणसं या खोलीत येतात आणि पहिल्यांदा आपल्या अंगाकडे लक्ष देतात. कित्येकांना साधा श्वास नाकानं घ्यायचा असतो हे इथे कळतं. ती माणसं जिथे येतात तिथे शिकवायचं, आणि सांभाळून शिकवायचं, असं मी ठरवलंय.

ही पद्धत आली कोलकात्याहून. बिष्णुचरण घोष यांनी १९२३ मध्ये तिथे शारीरिक शिक्षणाचं कॉलेज काढलं होतं. ते परमहंस योगानंदांचे धाकटे भाऊ. त्यांच्या शिकवणीतून सव्वीस आसनांचा हा क्रम बिक्रम चौधरी यांनी बांधला आणि सत्तरच्या दशकात अमेरिकेत आणला. खोली तापवायला त्यांनी जपानमधल्या थंडीत सुरुवात केली, असं ते सांगत. पुढे त्यांनी या क्रमावर मालकी सांगितली. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं निकाल दिला की आसनांच्या क्रमावर कॉपीराइट असू शकत नाही. त्याच काळात शिष्यांनी त्यांच्यावर बलात्काराचे आणि छळाचे आरोप केले. २०१६ मध्ये त्यांच्याच माजी कायदा सल्लागार महिलेनं भरलेल्या दाव्यात ज्यूरीनं तिच्या बाजूनं लाखो डॉलरची भरपाई ठरवली, आणि चौधरी देश सोडून गेले. २०१७ मध्ये त्यांच्या अटकेचं वॉरंट निघालं. म्हणून आमच्या पाटीवर त्यांचं नाव नाही, ‘सव्वीस आणि दोन’ एवढंच आहे. नव्यांपैकी कुणी विचारलं तर मी हे सगळं सांगते. ज्या पद्धतीत शिक्षकाचा शब्द मोडायचा नाही असं शिकवलं जात होतं, तिच्यात नव्या माणसाला ‘नाही’ म्हणायला शिकवणं हाही तयारीचाच भाग आहे, असं मी मानते.

दुपारी १:४०

अकोल्याच्या मुलीचा व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो: डबा उघडलेला. दोन ज्वारीच्या भाकरी, वांग्याची भाजी, हिरव्या मिरचीचा ठेचा. खाली प्रश्न: "चालते का?"

भाकरी, भाजी उत्तम. ठेचा अर्धा चमचाच खा, असं लिहिलं. वर्गात आपण पुढे वाकतो, मागे वाकतो, पोटावर झोपून पाय उचलतो. तिखट आणि तेल अशा वेळी घशाशी येतं. जेवण अडीचच्या आत संपव. त्यानंतर भूक लागलीच तर साडेचारला एक केळं किंवा संक्रांतीचा उरलेला तिळाचा लाडू, एकच. साडेपाचनंतर काही नाही.

पाण्याचं मात्र नीट लिहिते, कारण इथे दोन्ही बाजूंनी चूक होते. काहीजण दिवसभर कॉफीवर राहतात आणि वर्गाआधी अर्ध्या तासात दीड लिटर पाणी पोटात ओततात. मग ते पोटात डुचमळत राहतं. काहीजण भीतीपोटी दिवसभर इतकं पाणी पितात की रक्तातलं सोडियमच पातळ होतं. डोकं दुखतं, मळमळतं, आणि हेच उष्णतेचं लक्षण समजून ते आणखी पाणी पितात. हे जिवावर बेतू शकतं. तहान लागेल तसं, थोडं थोडं, सकाळपासून. लघवी फिक्या पिवळ्या रंगाची असली की पुरे. एक पेला ताक मीठ घालून. आज दारू मुळीच नाही, कालही नको होती.

३:१०

बसचालकांचा फोन. दवाखान्यातून उत्तर आलं: गरम खोली सध्या नको, आधी साधा वर्ग करून बघा. आवाज उतरलेला होता. "म्हणजे मी म्हातारा झालो," असं काहीसं ते म्हणाले.

त्यांना मी टेक्सासमधला एक अभ्यास सांगितला. २०१८ मध्ये तो प्रसिद्ध झाला. व्यायाम न करणाऱ्या मध्यमवयीन माणसांचे गट केले. एका गटानं हाच सव्वीस आसनांचा क्रम गरम खोलीत केला, दुसऱ्यानं साध्या तापमानाच्या खोलीत. बारा आठवड्यांनी रक्तवाहिन्या प्रसरण पावण्याची क्षमता दोन्ही गटांत सुधारली, आणि उष्णतेमुळे त्यात जास्तीची भर पडल्याचं दिसलं नाही. म्हणजे तुमच्या मुलीनं दिलेल्या भेटीतलं मोलाचं जे आहे, ते तुम्हाला चोवीस अंशांतही मिळेल. शनिवारी साडेदहाला हाच क्रम आम्ही फर्नेस न लावता घेतो. या, पुढच्या रांगेत बसा.

ते येतील असं वाटतंय. शेवटी आवाजात दम परत आला होता.

घामातून शरीरातलं विष निघून जातं, हा समज मी प्रत्येक नव्या माणसाच्या मनातून काढून टाकायचा प्रयत्न करते. घामात पाणी, मीठ आणि थोडं इतर काही असतं. रक्त स्वच्छ करायचं काम मूत्रपिंडांचं आणि यकृताचं. हे पटलं नाही तर माणूस जितका घाम तितका फायदा असा हिशेब मांडतो, आणि मग थांबायच्या जागी थांबत नाही.

४:००

फर्नेस पुन्हा सुरू.

५:१५

बर्फाच्या पिशव्या फ्रीजमध्ये आहेत का, बघितलं. टेबलाखाली ओले टॉवेल, क्षारांची पाकिटं, वजनकाटा. दाराशी ९११ चा आणि आमच्या पत्त्याचा कागद मोठ्या अक्षरांत. घाबरल्यावर माणसाला स्वतःच्या कामाच्या जागेचा पत्ताही आठवत नाही. काउंटरवरच्या नव्या मुलीकडून पुन्हा एकदा म्हणवून घेतलं: चक्कर, मळमळ, गार घामानं थबथबलेली त्वचा, तर बाहेर आणायचं, आडवं करायचं, पाय उंच, घोटघोट पाणी. पण बोलणं असंबद्ध झालं, माणूस भांबावला, चालताना तोल जायला लागला, तर आधी ९११, आणि मदत येईपर्यंत बर्फ, पाणी, पंखा, सगळं एकदम. तिथे वाट बघायची नाही. असं इथे अजून झालेलं नाही, आणि होऊ नये म्हणूनच हे रोज म्हणायचं. अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइजनं २०१५ मध्ये एका अभ्यासात या वर्गातल्या लोकांचं आतलं तापमान मोजलं होतं. ते शेवटपर्यंत चढतच गेलं होतं, आणि एकाचं चाळीस अंशांच्या पुढे गेलं होतं, तरीही त्या माणसाला तसं विशेष काही वाटत नव्हतं. ‘मला ठीक वाटतंय’ या शब्दांवर म्हणून मी पूर्ण भिस्त ठेवत नाही. चेहरे बघत राहते.

५:५०

अकोल्याची मुलगी आली. जाड कोट, लोकरीची टोपी, हातात मोठी पिशवी. मी म्हटलं होतं पावणेसहापर्यंत ये, म्हणजे पंधरा मिनिटं नुसतं बसता येईल.

पिशवीतून सुती सलवार आणि कुर्ता निघाला. सुती कपडा आपल्याला उन्हाळ्याचा वाटतो. पण इथे तो दहा मिनिटांत भिजून अंगाला चिकटतो, जड होतो, आणि पाय उचलायला गेलं की ओढतो. अंगाबरोबरचे, पटकन सुकणारे, गुडघ्यापर्यंतचे कपडे बरे. सुदैवाने तिनं व्यायामाची पँटही आणली होती. वर सैल टी-शर्ट. पुढच्या वेळी घट्ट बनियन आण, म्हटलं, आणि लाजू नकोस, आत कुणाला दुसऱ्याकडे बघायला सवड नसते.

केसांना खोबरेल लावलं होतं. हे सांगायचं राहिलं होतं, पण फार बिघडलं नाही. तेल घामाबरोबर डोळ्यांत उतरतं, आणि तळव्यांना लागलं की पाऊल घसरतं. कपाळावर पट्टा बांधला. टिकली काढून आरशाला लावली. मंगळसूत्र आणि बांगड्या यांचा मात्र तिनं जरा विचार केला.

"ताई, काढावंच लागते का?"

"सक्ती नाही. पण धातू तापतो, आणि भुजंगासनात ते गळ्याखाली येतं. आई फोनवर विचारेल तेव्हा माझं नाव सांग."

तिनं छोट्या डबीत ठेवलं आणि डबी माझ्याकडे दिली. मी ती काउंटरच्या खणात कुलपात ठेवली.

वजन घेतलं, कागदावर लिहिलं. चटईवर अंथरायला चटईएवढा लांब टॉवेल, तोंड पुसायला लहान, पाण्याची बाटली. बर्फाचं पाणी नको, साधं गार. जागा मागच्या रांगेत, दाराजवळ. तिथे हवा थोडी कमी गरम असते, आणि पुढच्या जुन्या लोकांकडे बघून आसन कळतं. नर्तिकेलाही तिच्या शेजारीच बसवलं.

मग दोघींना सांगितलं: आजचं काम एकच, नाकानं श्वास घेत राहायचं. नाकानं श्वास जमेनासा झाला की आसन सोडा. गुडघ्यावर बसा, डोकं वर ठेवून. आडवं पडावंसं वाटलं तर पडा. बाहेर जावंसं वाटलं तर जा, मला विचारू नका. काही शिक्षक अजूनही नव्याला बाहेर जाऊ देत नाहीत, दारातून परत पाठवतात. ते मला कधीच पटलेलं नाही. दार उघडतं हे माहीत असलेला माणूसच आत निवांत राहतो.

६:३०

पहिला श्वसनाचा प्रकार उभ्यानं. मग अर्धचंद्रासन आणि लगोलग पुढे वाकून पादहस्तासन. नव्यांना पहिला झटका बसतो तो इथे. उष्णतेनं त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात, रक्त पायांकडे आणि कातडीकडे गेलेलं असतं. वाकलेला माणूस झपकन उभा राहिला की मेंदूकडे रक्त पोचायला क्षणभर उशीर होतो. मी म्हणत होते, सावकाश वर या, डोकं शेवटी. तरी तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. तिनं मला न विचारता गुडघे टेकले. बरोबर तेच केलं.

गरुडासनानंतर पाणी. त्याआधी पाणी प्यायला मनाई असते, असं ऐकून लोक येतात. आमच्याकडे मनाई नाही, पण तिथे सगळे मिळून थांबतात म्हणून नव्याला संकोच वाटत नाही.

घाम पुसत राहू नका, हेही सांगावं लागतं. घाम अंगावरून उडून जातो तेव्हाच अंग थंड होतं. टॉवेलनं पुसला की शरीराला तो पुन्हा तयार करावा लागतो. डोळ्यांत गेला तर टिपा, बाकी असू द्या. हठयोगप्रदीपिकेत तर श्रमानं आलेला घाम अंगालाच चोळावा, त्यानं अंग बळकट आणि हलकं होतं, असं सांगितलंय.

नर्तिकेकडे माझं लक्ष दंडायमान धनुरासनापासून. एका पायावर उभं राहून दुसरा मागून वर नेताना तिचा पाय विनासायास डोक्याच्या वर गेला, आणि आरशात बघून ती खूश झाली. उष्णतेत स्नायू सैल होतात, वेदनेची सूचनाही उशिरा येते. सांध्याचे बंध मात्र ताणले गेले की सहज पूर्ववत होत नाहीत. तिच्याजवळ जाऊन हळू आवाजात म्हटलं, तू घरी थंडीत जिथपर्यंत जातेस, त्याच्या अलीकडे थांब, आणि ज्या पायावर उभी आहेस त्याची मांडी घट्ट कर. मग तिचा पाय थरथरायला लागला. आता ती खरं आसन करत होती.

शवासनात अकोल्याची मुलगी पहिल्यांदा पूर्ण आडवी झाली. नंतर भुजंगासन, शलभासन तिला सुरेख जमलं. उष्ट्रासनात, गुडघ्यांवर उभं राहून मागे वाकताना, मळमळतं; काहींना त्यानंतर रडू येतं. मी आधीच सांगून ठेवलं होतं की असं होतं आणि दोन मिनिटांत जातं. पहिल्या फेरीला ती वाकली, दुसऱ्याला बसून राहिली. शेवटच्या कपालभातीपर्यंत दोघी खोलीत होत्या.

८:१०

लगेच उठू नका, हे मी तीनदा म्हणते. वर्ग संपल्यावर झटकन उठून बाहेरच्या गार हवेत जाणाऱ्यांनाच जास्त चक्कर येते.

वजन: एक किलो दोनशे ग्रॅम कमी. म्हणजे साधारण सव्वा लिटर पाणी, वर प्यायलेलं वेगळं. चरबी एका तासात जात नाही, हे सांगून टाकलं. पुढच्या तीन-चार तासांत ते पाणी हळूहळू भरून काढायचं, आणि सोबत मीठ हवंच. घरी मुगाची खिचडी कर, वर लिंबू पिळ, ताक घे.

"डोकं गरगरून रायलं होतं ताई," ती म्हणाली, "पण तुम्ही सांगतलं होतं ना असं होते, म्हून भेव नाही वाटलं."

केस वाळवल्याशिवाय मी तिला सोडलं नाही. कोरडे कपडे, मोजे, टोपी. बाहेर उणे आठ झालं होतं. ओले केस घेऊन अशा थंडीत स्टेशनापर्यंत चालायचं, हे मला बघवत नाही. डबी परत दिली. तिनं आरशासमोर मंगळसूत्र घातलं आणि टिकलीही आठवणीनं काढून घेतली. उद्या मांड्या दुखतील, लघवी गडद झाली किंवा डोकं दुखायचं थांबलं नाही तर फोन कर, आणि परवाच्या आधी परत येऊ नकोस.

९:२०

फर्नेस बंद. टॉवेल दोन फेऱ्यांत मशीनमध्ये. लादी पुसली, पंखे पूर्ण वेगानं लावले.

वहीत लिहिलं: बसचालक, शनिवार साडेदहा, साधा वर्ग, पुढची रांग. नर्तिका, गुडघे मागे ढकलते, लक्ष ठेवणे. अकोला, पादहस्तासनानंतर चक्कर, पुढच्या वेळी वाकताना गुडघे मुडपून, ठेचा विचारणे.

उद्याच्या संध्याकाळी आणखी दोन नवे आहेत. एकीनं फॉर्मवर ‘अर्धशिशी’ असं लिहिलंय आणि त्यापुढे काहीच नाही. गोळी कोणती, ती रोजची की दुखल्यावरची, उष्णतेनं दुखणं सुरू होतं का, हे विचारायला हवं. तिला सकाळी साडेआठला पहिला फोन.